बघितलं की शहाणा होणारा कॉम्प्युटर

ती. वहिनी,

नमस्कार. तुझे गुडघे, दादाचा खोकला आणि तुझ्या शाळेतली कॉम्प्युटरची खोली (तिघांत जास्त कुरकुर कोण करतं ते तूच जाणे) ठीक असतील अशी आशा आहे. आम्ही ठणठणीत. आमचा कॉम्प्युटरही ठणठणीत, आणि तो तुझ्यामुळे, हे कागदावर लिहून द्यायलाच बसले आहे. तुझ्या स्वयंपाकाला आजवर ठेवलेली सगळी नावं मी मागे घेते. (मिठाबद्दलची सोडून. मीठ तू अजूनही जास्तच घालतेस.)

फोनवर मी तुला मशीन मंद झालंय एवढंच म्हटलं होतं, खरं दुखणं सांगितलं नव्हतं. लोकरीच्या दुकानासाठी मी स्वेटरचे नमुने काढते ते तुला माहीतच आहे. पडद्यावर चौकटी असतात आणि एकेका चौकटीत रंग भरायचा. हल्ली मी निळा भरला की तो यायचाच नाही. पुन्हा दाबावं, तर पहिला निळा सावकाश उगवायचा आणि दुसऱ्या दाबण्यानं पुसला जायचा. पोरांच्या स्वेटरवरच्या बदकाला मान म्हणून राहीना. मला वाटलं, डोळे गेले. चष्मा बदलला. नव्या चष्म्यातून बिनमानेचं बदक आणखी स्वच्छ दिसू लागलं.

मग ह्यांना बोलावलं. (ह्यांनी जन्मभर लोकांना गाडी शिकवली, त्यामुळे शेजारी बसून दुसऱ्याच्या चुका काढणं हा हातचा मळ.) हे यायचे, मशीनमध्ये काय काय चाललंय त्याची यादी उघडायचे, चष्म्यावरून बघायचे, आणि मशीन लगेच सुतासारखं सरळ! यादीत वावगं काही नाही, रंग पटापट भरतायत. "माझ्यासमोर कसं चालतं मग?" असं म्हणून यादी मिटून हे पेपर वाचायला जायचे, की बदकाची मान पुन्हा गायब.

आता हसू नकोस वहिनी, पण मी फार घाबरले होते. आईचं शेवटी शेवटी काय झालं होतं ते तू पाहिलंस, तूच तिचं सगळं केलंस. तीही ओळखीची कामं करता करता अशीच अडायची. मशीन धड आहे, म्हणजे बिघाड माझ्यात, माझी पाळी आली, असं मी धरून चालले. कुणाला बोलले नाही. लोकरवालीला मेल लिहिला की आता मला झेपत नाही, दुसरं कुणी बघा. पाठवायचं बटणही दाबलं. तर ते चक्र नुसतं गरगरत राहिलं. साधा मेलसुद्धा आपल्याला पाठवता येत नाही, या विचारानं मी ओट्याशी उभी राहून रडले.

आणि त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. तू म्हणालीस, "वन्सं, फोन जरा मशीनपाशी धरा बघू." (तू 'वन्सं' म्हणालीस की पुढे काहीतरी ऐकावं लागणार हे मला पाठ आहे.) यादी मिटलेली असताना आतला पंखा घोंघावत होता. यादी उघडायला सांगितलीस, पंखा गप्प. मिटली, पुन्हा घोंघाट. तू तिकडे मोठ्यानं हसलीस. म्हणालीस, "तुम्ही नाही हो बिघडलात, आत चोर आहे. कुणी बघायला आलं की निजल्याचं सोंग घेतो!" म्हणजे एक लपलेला प्रोग्रॅम आमच्या कॉम्प्युटरला कुणा परक्याच्या आकडेमोडीला जुंपत होता; कॉम्प्युटर घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजत होता, आणि ह्यांनी बघितलं की हात झटकून साळसूद. मग तू सांगत गेलीस तशी मी इंटरनेटची वायर काढली आणि त्याला हुडकून हाकलला. तो आला कुठून? मशीनचा वेग वाढवायला म्हणून ह्यांनी जो फुकटचा प्रोग्रॅम घातला होता, त्याच्याच पोटातून. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं. हे तेव्हापासून पेपर फार मन लावून वाचतात.

वहिनी, बदकाला मान आली. माझं डोकं शाबूत आहे हे तू मला एका पंख्याच्या आवाजावरून सांगितलंस. आईचं केलंस तेव्हाही मी तोंडानं कधी काही म्हटलं नाही, म्हणून दोन्ही मिळून आज म्हणते: तुझे फार उपकार आहेत.

तुझी,
नणंद

ता. क. दादा उद्या इकडे येतोय, हे पत्र त्याच्याच हाती देणार आहे. पाकीट चिकटवीन, तरी तो उघडून बघेल, तेव्हा दादा, पुढचं वाचू नकोस.

ता. ता. क. चोर गेल्यावर वायर परत लावली मात्र, मशीन इतकं चपळ झालं की तो अडकलेला लोकरवालीचा मेल डोळ्याचं पातं लवायच्या आत गेला. तिचं अजून उत्तर नाही. फोन करायचा तर हे शेजारीच बसलेले असतात, आणि यातलं त्यांना काही ठाऊक नाही. ती तुझी शाळेतली मैत्रीण, तुझा शब्द ती मोडायची नाही. पत्र वाचून होताच तिला गाठ, आणि सांग की तो मेल मी नाही, त्या चोरानं लिहिला होता. सोबत बदकाचा नमुना पाठवते आहे. मान आधी दाखव.