सातवा लेख

१९ जानेवारी १९८६, सौंसर

केली सही एकदाची! दत्तूने करायलाच लावली. सकाळच्या पहिल्या बसने पांढुर्ण्याहून आला, फॉर्म टेबलावर ठेवला, पेन हातात दिला. मेडिकलला पाच वर्षं एका खोलीत राहिलो, एका शर्टात दोघांनी तोंडी परीक्षा दिल्या. या माणसाला नाही म्हणता येत नाही.

नागपूरची एक संस्था आमच्यासारख्या गावच्या डॉक्टरांसाठी पोस्टाने अभ्यासक्रम चालवून राहिली. जर्नलमधले बारा लेख, प्रत्येकाखाली दहा प्रश्न. एकशेवीसपैकी नव्वद बरोबर आले की क्रेडिट आणि प्रमाणपत्र. मी म्हटलं, हृदयाचा घेऊ, निदान तसे पेशंट तरी येतात. नाही! न्यूरॉलॉजीच पाहिजे म्हणे. 'काहून रे? सौंसरात मेंदूचा पेशंट कोण आहे?' 'तू आहे ना,' म्हणाला.

बारा लेख वाचायचे म्हटल्यावर मी पेन परत त्याच्याच खिशात खोचला. मग त्यानेच तोड काढली. सम आकड्याचे तो वाचणार, विषम मी. उत्तरं बसच्या कंडक्टरच्या हाती एकमेकांना पाठवायची आणि आपल्या कागदावर उतरवायची. पन्नाशीला आलो तरी कॉपी सुटत नाही! पण खरं सांगतो, ऐकून फार हलकं वाटलं. सहाच.

ही डायरीसुद्धा नवी. औषध कंपनीच्या माणसाने दिली. छान आहे, खिशात मावते.

९ फेब्रुवारी

लेख आले. पहिला अर्धशिशीवर. तीन पानं वाचली आणि खुर्चीतच घोरलो. कंपाउंडर शालिकराम म्हणते, 'साहेब, हे पेशंटले वाचून दाखवत जा, झोपेची गोळी वाचते.' फार तोंड सुटलं आहे त्याचं.

२ मार्च

कंडक्टर प्रकाश दत्तूचा दुसरा आणि चौथा देऊन गेला. एका महिन्यात दोन! नुसता अ-ब-क नाही, प्रत्येक उत्तरामागचं कारणसुद्धा लिहिलं आहे. आणि खाली मराठीत: 'सातवा वाचला का?'

अरे, मी अजून पहिल्याच्या शेवटावर आहे! सातव्याचं नाव काय तेही पाहिलं नाही.

१७ एप्रिल

उकाडा. एक पान नाही वाचलं.

८ जून

पहिला आणि तिसरा धाडले. लाज राखली. दत्तूचा सहावा आला. खाली पुन्हा तेच, 'सातवा वाचला का?' हा माणूस मास्तर व्हायचा, चुकून डॉक्टर झाला.

अक्षर मात्र काय करून ठेवलं! कॉलेजात याच्या नोट्स अख्खं होस्टेल उतरवून घ्यायचं. आता तिसऱ्या ओळीपाशी माझा चष्मा हरतो. वीस-पंचवीस वर्षं चिठ्ठ्या खरडल्या की सगळ्यांचंच बिघडते म्हणा. माझं तर कधी सुधरलंच नव्हतं.

३ ऑगस्ट

आठवा आला, दहावा आला. खाली तेच. मी पाचवा पाठवला आणि खाली लिहिलं, 'नाही वाचला. जा, काय करायचं ते कर.'

६ सप्टेंबर

कंबर धरली आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार. दत्तूचा निरोप आला होता, 'या वर्षी तू ये मदतीला.' गेलो. नदीवर इकडून तिकडून दगड, आणि फुटलेली डोकी ओळीने दत्तूच्या ओट्यावर. दरवर्षी एकटाच टाके घालतो पठ्ठ्या. या वेळी म्हणे, 'तू घाल. मी पट्ट्या पाहतो.' बत्तीस डोकी शिवली मी! एक जण टाके पडायच्या आधीच उठून पळाला, पुन्हा दगड मारायला.

संध्याकाळी होस्टेलच्या मेसवाल्याचा तो जुना किस्सा सांगितला. मी हसून हसून खोकलो. दत्तूच्या तोंडावरची माशी हलली नाही. थकला असेल. दिवसभर उभा होता बिचारा.

बसपाशी सोडायला आला आणि म्हणाला, 'वामन, सातवा वाच ना बाबा.' मला रागच आला. 'एवढी घाई आहे तर तूच वाच!'

'मी वाचला आहे.'

'मग उत्तरं दे ना!'

'नाही. तो तुझा आहे. तूच वाच.'

असा कसला नियम! कॉपी करायची तीसुद्धा शिस्तीत.

१० ऑक्टोबर

कापूस निघाला. हवेत तूस. माझी छाती भरून आली, दरवर्षीसारखी. दम्याच्या गोळ्या सुरू केल्या.

१४ ऑक्टोबर

आज सातवा वाचला. उगाच वाचला.

कंपवातावर आहे. कॉलेजात शिकलो तेव्हा चार ओळींत संपला होता, इथे अठरा पानं. हात थरथरतात. चेहरा थिजतो. चालताना हात आपोआप हलत नाहीत. शर्टाची बटणं लावणं, सुईत दोरा ओवणं अशी बारीक कामं जड जातात. आणि अक्षर लहान लहान होत जातं, कधी कधी हाताच्या थरथरीच्या कितीतरी आधीपासून.

वाचता वाचता चहा उचलला तर कप बशीवर वाजून राहिला. खाली ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा वाजला.

मग मागच्या वर्षीची डायरी काढली आणि ही शेजारी ठेवली. तिच्यातलं अक्षर हे एवढं मोठं! यातलं मोहरीसारखं.

बायकोला सांगितलं नाही. यमुना विचारून राहिली, जेवण काहून टाकलं. म्हटलं, आंबट ढेकर येतात.

१५ ऑक्टोबर

पहाटे अंगणात चालून पाहिलं, हात हलतात का. हलत होते. पण मी मुद्दाम हलवून राहिलो होतो की आपोआप, तेच कळेना. यमुना दारात उभी. 'हे काय, परेड करून राहिले का?'

आरशात हसून पाहिलं. कसलं हसू येते अशा वेळी!

१७ ऑक्टोबर

मोहगावच्या अंबाबाईला इंजेक्शन द्यायचं होतं. म्हातारी माझ्या हाताकडे पाहून म्हणते, 'डॉक्टरसाहेब, तुमचाच हात कापून राहिला, मले सुई कशी द्याल?' शालिकरामने दिलं. एरवी टोमणे मारतो, आज त्याने मला खुर्ची ओढून दिली. याचीच जास्त भीती वाटली.

मुलीचं लग्न राहिलं आहे. दवाखाना कोण चालवेल? मी बटणं कशी लावीन? कुणाला सांगू?

१९ ऑक्टोबर

सुटलो! देवा, सुटलो!

सकाळी यमुनेपुढे सगळं ओकलो. ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवलं, शेवटपर्यंत ऐकलं, एकदा डोळ्याला पदर लावला. मग म्हणाली, 'दाखवा त्या डायऱ्या.' दोन्ही मांडीवर घेतल्या, उलटपालट केल्या, आणि तिला जे हसू फुटलं!

'अहो, मागच्या वर्षीची खतवाल्या दुकानाची होती. पाट आहे नुसता! ही तुमच्या खिशात मावते. रेघा तर पाहा! हिच्यात मोठं अक्षर काढाल कुठे?'

'आणि हात?'

'दम्याच्या गोळ्या कधीपासून घेऊन राहिले?'

डोक्यात घण पडला. प्रत्येक दम्याच्या पेशंटला मीच सांगतो ना, या गोळीने हात थरथरेल, भ्यायचं नाही! स्वतःला सांगायचं राहिलं. दिवसाला तीन खाऊन राहिलो होतो, वरून सहा कप चहा.

कोऱ्या कागदावर पूर्ण नाव लिहून पाहिलं, दहा वेळा. पहिलं आणि दहावं सारखंच. सारखंच घाण! एवढं घाण अक्षर पाहून एवढा आनंद कुणाला झाला नसेल. पाच दिवसांनी पोटभर जेवलो. दुपारी दोघांनी ओट्यावर बसून संत्री खाल्ली, तिने सोलली, मी खाल्ली. मधेच रडू आलं. ती म्हणाली, आता काय झालं? म्हटलं, काही नाही, आंबट आहे.

२२ ऑक्टोबर

गोळी अर्धी केली, चहा दोनवर आणला. कप वाजत नाही.

दत्तूला सातव्याची उत्तरं पाठवली. सोबत चार पानी पत्र, सगळी गंमत लिहिली. परेड, अंबाबाई, डायरी, सगळं. 'वाचला रे बाबा तुझा सातवा! पाच दिवस मेल्यासारखा होतो. पण मी ठणठणीत आहे!' मजा येईल त्याला.

९ नोव्हेंबर

दत्तूचा बारावा आला. माझे नववा आणि अकरावा कालच गेले. संपलं! पत्राचं उत्तर म्हणून खाली एकच ओळ: 'बरं झालं. आनंद वाटला.'

चार पानं लिहिली मी, आणि हा एवढंच! फोन लावायचा ठरवलं, पण ट्रंक कॉल लागेपर्यंत दवाखाना भरला. राहून गेलं.

१३ डिसेंबर

प्रमाणपत्र आलं! एकशेवीसपैकी एकशे चार. सोबत लेखवार मार्क. सातव्यात दहापैकी दहा! शालिकरामने खिळा ठोकला, यमुनेने कुंकू लावलं. आज झोप छान लागेल.

१४ डिसेंबर

रविवार. दत्तूचे सहाही कागद फाईलला लावायला काढले. तारखेने एकाखाली एक ठेवले. दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा, बारावा.

पाच कागदांच्या खाली तेच वाक्य आहे. सातवा वाचला का? सातवा वाचला का? प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा लहान. दहाव्यावरचं भिंग घेऊन वाचलं. बाराव्यावरचा 'आनंद' भिंगातूनही नीट लागत नाही.

आणि मी त्याला चार पानं लिहिली, मी ठणठणीत आहे म्हणून.

पांढुर्ण्याची बस अकराला आहे. यमुनेने डब्यात पोळ्या बांधल्या. निघतो.