आई म्हणतात

मँचेस्टर, १२ डिसेंबर १९५३

तीर्थस्वरूप उमावहिनींस,
दिगंबरचा इथूनच धारच्या दिशेने साष्टांग नमस्कार.

मी बरा आहे, जेवणखाण वेळेवर होतं. दादांचा दमा थंडीत उसळला नाही ना?

काल बदनावरचे पागे भेटले आणि आई गेल्याबद्दल हळहळले. ती चैत्रातच गेल्याचं मला त्यांच्याकडून कळलं. माझं इथलं काम बिघडू नये म्हणून तुम्ही लपवलंत. रागावलो नाही.

आईला लिहिता येत नव्हतं, तिची पत्रं पहिल्यापासून तुमच्याच हातची. दिवाळीतही आलं होतं : "आई म्हणतात, तिकडच्या गारठ्यात डोक्यावरून न्हाऊ नकोस."

इथे गणकयंत्रांवरच्या कामात वाद चालतो, तेव्हा पडद्याआडून लेखी उत्तरं माणूस देतोय की यंत्र, हे नुसत्या मजकुरावरून ओळखता येतं, असं मी इथल्या विद्वानांना ठासून सांगत आलो. आणि आठ महिने घरच्या पत्रांत आई नाही, हे मला कळलं नाही.

बातमी ऐकल्यावरची आंघोळ काल केली. गार पाण्याने, डोक्यावरूनच.

पुढच्या पत्रात आईचं काही घालू नका. तुम्ही काय म्हणता ते लिहा, वहिनी. इतक्या वर्षांत ते मी कधी विचारलंच नाही.

तुमचा,
दिगंबर