आईच्या उजव्या हातातली बांगडी

आप्पा, १२ फेब्रुवारी १९८५, मंगळवार, सकाळचे साडेनऊ. तक्रार करायची तर आधी तारीख आणि वेळ सांगावी, हे कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवलं. फी तुम्हीच भरलीत, तेव्हा ऐका.

आईने अन्न टाकलं होतं, भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मनोरुग्णालयात नेऊन विजेचे शॉक द्यायचे ठरले, त्यावर माझं भांडण नाही. नर्सबाई म्हणाल्या, "काका, बांगड्या काढा सगळ्या." मंगळसूत्र तुम्ही खिशात ठेवलंत आणि हिरव्या काचेपाशी अडलात. "एकेक राहू दे. मी मेलोय काय?"

"तुम्ही कशाला मरताय? काच फुटेल म्हणून सांगत्ये."

तुम्ही हटला नाहीत, आणि बाहेर रांग होती. भूल तिथे देत नसत. मी दारातून पाहिलं. आईचं अंग ताठ झालं, मग थडथड उडायला लागलं. उजवा हात खाटेच्या लोखंडावर आपटला. हिरवे तुकडे आणि रक्त.

संध्याकाळी मी तिला पेज भरवतेय. जीभ चावली गेलेली, जबडा आखडलेला, पाठीत कळ. मनगटाची पट्टी बघून ती विचारते, "हे काय गो लागलं मला?" मी बोलायच्या आत तुम्ही म्हणता, "विळी लागली. नारळ खवताना."

मी तिला खरं सांगितलं. शॉकामुळे सकाळी ते तिच्या आठवणीतून पुसलं गेलेलं. ती पुन्हा विचारी आणि तुम्ही पुन्हा विळी सांगायचात, ती गोष्ट तिच्या मनात रुजेपर्यंत.

ती जेवायला लागली, गुणगुणायलाही लागली, हे नाकारत नाही. पाठ मात्र कायमची गेली. आणि विळीवर ती परत बसली नाही. वाडीतल्या प्रत्येक लग्नात नारळ खवणारी ही बाई आता खोबऱ्याची वाटी खवून घ्यायला शेजारणीकडे जायची. "हात वेंधळे झाले गो माझे." तुम्ही पेपरातून मान वर न करता म्हणायचात, "जपून हो."

बांगडी हट्टाने ठेवलीत, ते प्रेम समजून सोडून देईन. पण तिच्या हातांवर आळ का घेतलात?

तुम्हीही गेलात, हे पत्र पोस्टात पडणार नाही, ठाऊक आहे. तरी आईच्या श्राद्धाच्या दिवशी, पान वाढायच्या आत, मला उत्तर हवं. लेखीच हवं. तुमचं अक्षर कसं होतं, ते मला आठवेनासं झालंय.