पिनबॉलच्या यंत्राबाबत आणि इतर किरकोळ मालमत्तेबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, टेलिफोन एक्स्चेंजमधली निवृत्त तंत्रज्ञ, इमारतीत 'रिलेबाई' या नावाने ओळखली जाणारी, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि सकाळचा चहा घेऊन झाल्यावर हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्याचे कोणी दाखवलेच, तर ते जावयांनी केलेले समजावे.

शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टर घरी आले, मला वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. मी न अडखळता दोनपर्यंत उतरले. मग ते पिनबॉलच्या यंत्रापाशी गेले आणि पावणेदोन तास तिथून हलले नाहीत. तिकडे दवाखान्यात पेशंट खोळंबले होते. 'बाईंची बुद्धी शाबूत आहे' असे दाखल्यावर लिहिले आहे. डॉक्टरांच्या बुद्धीचा दाखला मी मागितलेला नाही.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरचे माझे दोन खोल्यांचे घर आणि बँकेत जे काही उरेल ते माझ्या लेकीला मिळावे. झोपण्याच्या खोलीतला पलंग तिरका आहे, तो यंत्राला जागा करण्यासाठी. तिला हवा तर तिने तो सरळ करावा. आम्ही दोघे पंधरा वर्षे तिरके झोपलो आणि संसार सरळ झाला.

कलम २. शिवणयंत्रही लेकीलाच. त्यावर फक्त कपडे शिवले गेले, असा तिचा समज आहे. वास्तविक त्याच्या बॉबिनच्या चाकावर मी पिनबॉलच्या यंत्रातली जळालेली सगळी वेटोळी तांब्याच्या तारेने नव्याने गुंडाळली. एका वेटोळ्याला नऊशे फेरे. मध्येच कोणी 'काय चाललंय?' असे विचारले की आकडा विसरायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात. हे विचारणारे बहुतेक वेळा आमचे हेच असत.

कलम ३. नणंदेला यंत्रातले वीस जळके दिवे. यंत्र घरात आले त्या दिवशी ती म्हणाली होती, "या वयात गोट्या खेळणार होय गं?" दिवे स्वच्छ पुसून डब्यात ठेवले आहेत.

कलम ४. आता मुख्य मालमत्ता.

हे यंत्र माझे कसे झाले ते नमूद करणे भाग आहे, नाहीतर उद्या कोणीही उठून हक्क सांगेल. एकोणीस वर्षांपूर्वी आमच्या एक्स्चेंजमध्ये नवी यंत्रणा आली आणि माझे सगळे रिले भंगारात गेले. रिले म्हणजे वीज आली की टक्कन चिकटणारा आणि गेली की सुटणारा खटका. असे हजारो खटके मी पंचवीस वर्षे हाताने घासून, पुसून, कान लावून सांभाळले होते. मी निवृत्ती घेतली आणि भंगारवाल्याकडे गेले, निदान एखादा रिले आठवण म्हणून मिळावा म्हणून. माझे रिले वितळायला गेले होते. पण कोपऱ्यात एका बंद पडलेल्या सिनेमागृहातून आलेली पिनबॉलची, म्हणजे गोळी उडवत ठेवून ती भोकात जाऊ न देण्याच्या खेळाची, उभी पेटी होती. मी तिचे मागचे फळकूट काढले, तर आत ओळीने रिले. माहेरचे माणूस परमुलखात भेटावे तसे झाले. मी तिथेच भंगारावर बसून रडले. भंगारवाले घाबरून म्हणाले, "बाई, घेऊन जा, पण रडू नका. गिऱ्हाईक परत जातंय."

दुरुस्तीला तीन वर्षे लागली. तारांचा नकाशा नव्हता, तो मी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर चौदा पानांत काढला. पोलादी गोळी बेअरिंगच्या दुकानातून आणली. उभ्या काचेवर एका पाणबुड्या बाईचे आणि अष्टपादाचे चित्र आहे. अष्टपादाचा एक पाय उडाला होता, तो मी रंगवला. त्याला गुडघा आला. मला चित्रकला येत नाही, हे मी मान्य करते. परंतु त्यावरून जावयांनी जेवढे हसून घेतले, तेवढे हसायची गरज नव्हती.

आमचे हे शाळेत भूगोल शिकवत. यंत्र पाहून त्यांनी नणंदेच्या समोर शपथ घेतली, "मी जर या पेटीला बोट लावलं, तर मिशी उतरवीन." मिशी त्यांना फार प्यारी होती. त्यांनी यंत्राकडे कधी पाहिलेसुद्धा नाही. म्हणजे मला तसे वाटत होते.

दुसरे विरोधक माझ्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर राहणारे घड्याळवाले. ते घरीच घड्याळे दुरुस्त करतात. डाव जिंकला की हे यंत्र आतून लाकडावर 'ठक' असा जबरदस्त ठोका मारते. त्या ठोक्याने घड्याळवाल्यांच्या चिमट्यातला स्क्रू उडून जाई. मग ते काठीने छत ठोकत. छत ठोकले की माझी जमीन हादरे आणि यंत्र हलवले गेले असे समजून डाव आपोआप बंद पडे. थोडक्यात, मी जिंकले की ते मला हरवत.

त्यांनी इमारतीच्या कमिटीकडे तक्रार केली. अध्यक्ष, सचिव आणि एक सदस्य रविवारी तपासणीला आले. प्रत्यक्ष खेळल्याशिवाय आवाजाचा अंदाज येणार नाही, असे अध्यक्षांचे मत पडले. तिघेही संध्याकाळपर्यंत अंदाज घेत होते. शेवटी ठराव झाला की आवाज मर्यादेत आहे, तथापि खात्रीसाठी पुढच्या रविवारी फेरतपासणी करावी. पुढच्या रविवारी खात्री झाली नाही. दर महिन्याला घड्याळवाल्यांचा नवा अर्ज येई आणि कमिटी दर रविवारी माझ्याकडे हजर होई. असे आठ वर्षे चालले. लेक लग्न होऊन गेल्यापासून सुने पडलेले घर रविवारी भरून जायचे, आणि मी घड्याळवाल्यांना तोंडभर शिव्या द्यायचे.

ते अर्ज मी वाचलेले आहेत. घड्याळवाल्यांचे मराठी एवढे चांगले कसे, याचे मला नवल वाटे. त्यांत अर्धविरामसुद्धा जागच्या जागी असत.

चार वर्षांपूर्वी आमचे हे गेले. अर्ज बंद झाले. तक्रार नाही म्हणून कमिटीही बंद झाली. दोन महिन्यांनी मी यंत्र उघडून साफ केले, तेव्हा आतल्या आकड्यांच्या चकतीकडे लक्ष गेले. यंत्र सुरू झाल्यापासूनचा प्रत्येक डाव ती मोजते. मीही माझा आणि पाहुण्यांचा प्रत्येक डाव वहीत लिहीत असे. एक्स्चेंजची सवय. वहीपेक्षा यंत्रात अकराशे सेहेचाळीस डाव जास्त होते.

मी तडक खाली गेले. आमच्या गैरहजेरीत चोरून खेळणारा माणूस घड्याळवाल्यांशिवाय कोण असणार?

त्यांनी मला बसायला सांगितले. पहिल्यांदाच 'बाई' न म्हणता 'वहिनी' म्हणाले.

"वहिनी, तुम्ही बुधवारी बाजारात गेलात की वर ठक व्हायचं. एकदा मी काठी घेऊन वर आलो. दार मास्तरांनी उघडलं. मिशी नव्हती. म्हणाले, या, आत या, एक डाव तुमचा."

मला आठवले. भर थंडीत एका बुधवारी हे मिशी काढून बसले होते आणि 'उकडतंय' म्हणाले होते. मी पंखा लावला होता.

"म्हणजे दर बुधवारी तुम्ही दोघं?"

"दर बुधवारी."

"आणि तरीही माझ्या नावानं अर्ज करत होतात?"

"मी कुठे? अर्ज मास्तर सांगायचे, मी उतरवून घ्यायचो. मी एकदा म्हटलं, पुरे करू या आता. तर म्हणाले, तक्रार थांबली की कमिटी यायची थांबेल. मग रविवारी ही खेळणार कोणाबरोबर? मला तर शपथ आहे."

मी तिथल्या भिंतीवरची घड्याळे एकेक करून तपासली. एकही दुसऱ्याशी जुळत नव्हते.

त्यानंतर बुधवारी घड्याळवाले वर येऊ लागले. आम्ही फारसे बोलत नसू. एकाने खेळायचे, दुसऱ्याने काचेकडे बघायचे. गेले सहा महिने त्यांच्या गुडघ्यांनी साथ सोडली आहे आणि जिना चढणे बंद झाले आहे. मी एकटी खेळते. जिंकल्यावर ठोका पडतो, खालून काठी येत नाही. मुद्दाम काठी मारत नाहीत, म्हणतात, "तुमचा डाव कशाला घालवू?" त्यांना कोणी सांगावे की न हरता खेळण्यात मजा उरलेली नाही.

सबब, सदर यंत्र, गोळीसह, चौदा पानी नकाशासह आणि गुडघेवाल्या अष्टपादासह, माझ्या मृत्यूनंतर घड्याळवाल्यांना मिळावे. त्यांच्या खाली पहिल्या मजल्यावर कमिटीचे अध्यक्ष राहतात. त्यांनी आपली काठी आपण आणावी.

कलम ५. जावई म्हणाले होते, "आई, आतलं सगळं काढून टाकलं की वर काच आहेच, झकास जेवायचं टेबल होईल." हे ते मोजपट्टी हातात घेऊन म्हणाले होते. त्यांना मी एक जेवायचे टेबल ठेवत आहे. ते चार पायांचे, साधे, स्वयंपाकघरात आहे. स्वभावाने जावई चांगले आहेत, लेकीला जपतात, हेही नमूद करते. केवळ मोजपट्टी हातात आली की त्यांचे काय होते ते कळत नाही.

पुरवणी. वरचे सगळे मी मंगळवारी लिहिले. आज रविवारी सह्यांसाठी मंडळी जमली. घड्याळवाल्यांनी साक्षीदार होणार म्हणून हट्ट धरला होता. ज्याला वस्तू मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, हे समजवायला, मसुदा तपासून देणाऱ्या वकीलबाई खाली गेल्या. यंत्र आपल्याला मिळणार हे त्यांना तेव्हाच कळले. वकीलबाई वर आल्या त्या निरोप घेऊन.

"ते म्हणतायत, मी वहिनींपेक्षा चार वर्षांनी मोठा आहे. त्या जाईपर्यंत मी कशाच्या जिवावर थांबू?"

 यावर वकीलबाईंना कायद्यात कलम सापडले नाही. मग मी पाना आणला आणि यंत्राचे पाय खोलले. अध्यक्ष, सचिव, डॉक्टर आणि भंगारवाले यांनी मिळून पेटी जिन्यावरून खाली नेली. अध्यक्ष प्रत्येक पायरीला 'सांभाळून' म्हणत होते आणि स्वतःच धडकत होते. गोळी वकीलबाईंच्या पर्समध्ये होती. खाली वायर जोडली, तर दिवा लागेना. मी यंत्राखाली शिरले, एक सुटलेली तार बसवली आणि पाणबुडी बाई उजळली. घड्याळवाल्यांनी पहिली गोळी सोडली. ती कशालाही न शिवता सरळ भोकात गेली.

"हे मोजायचं नाही, वहिनी," ते म्हणाले.

मी मोजले.

तरी कलम ४ मधील 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द खोडले समजावेत. बाकी मजकूर कायम. ही पुरवणी मी यंत्राच्या काचेवर कागद ठेवून लिहीत आहे. अक्षर हलले आहे, ते घड्याळवाले थांबायला तयार नाहीत म्हणून. त्यावरून माझ्या शुद्धीबद्दल शंका घेऊ नये.

सही : (रिलेबाई)

आमच्या समक्ष वाचून, समजून सही केली :
साक्षीदार १ : डॉक्टर (डावासाठी नंबर तिसरा)
साक्षीदार २ : भंगारवाले (नंबर दुसरा)
मसुदा : वकीलबाई (खेळत नाही, फक्त बघत आहे)

ठिकाण : दुसरा मजला, घड्याळवाल्यांचे घर
दिनांक : ९ ऑगस्ट २०२६, रविवार. वेळ : इथल्या प्रत्येक घड्याळात वेगळी.