तुमचं वेगळं ताट

बाबा,

तुमचं ताट वेगळं करायला मी सांगितलं होतं, आईने नाही. तुम्हाला ते ठाऊक असणारच, पण तुम्ही मला तसं कधी बोलून दाखवलं नाहीत. मला कॉन्व्हेंटात घातलंत तेव्हा आळीतल्या लोकांनी विचारलं होतं, लूम दुरुस्त करणाऱ्या जॉबरची पोर इंग्रजी शिकून काय करणार. तुम्ही म्हणाला होतात, "माजे कागद वाचंल." त्यातला पहिला मोठा कागद तुमच्या रक्ताचा रिपोर्ट निघाला. मी बारावीला होते, सायन्सला. डोळे पिवळे झाले म्हणून तुमचं रक्त तपासलं होतं आणि रिपोर्टवर लिहिलं होतं, ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह. "आस्ट्रेलिया?" तुम्ही म्हणालात, "मी तर कल्यानच्या फुडं गेलो न्हाय." आई हसली, मीही हसले. मग खालचं बारीक अक्षर वाचून मी सांगितलं की ही बी प्रकारची कावीळ आहे आणि ती दुसऱ्याला लागते.

डॉक्टर एवढंच म्हणाले होते की घरच्यांनी जपा. कशापासून जपायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. ते मी ठरवलं. माझ्या पुस्तकात कावीळ होती ती दूषित पाण्याने आणि अन्नाने पसरणारी. तुमची कावीळ त्यातली नव्हती, ती रक्तातून जाते, हे मला माहीत नव्हतं. पण माहीत नाही असं म्हणायची मला सवयही नव्हती. मी तुमच्या ताटाच्या आणि पेल्याच्या तळाला खिळ्याने फुली मारली. आई बघत उभी होती. तुमचं जेवण झालं की तुमच्याच ताटात वाढून घ्यायची तिची जुनी पद्धत. "ताट येगलं करतीस, तं मलापन येगली कर," ती म्हणाली, आणि त्या फुलीच्या ताटात जेवत राहिली. मी तिच्यावर ओरडले. तुम्ही त्या दिवसापासून जेवायला ओटीवर जाऊन बसायला लागलात. कोणी सांगितलं नव्हतं.

कारखान्यातही तेच झालं. मी तुमचा डबा घेऊन येते आहे, दारातूनच लूमचा खडखडाट छातीत बसतो आहे. आडवा दोरा नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी बदलली की धोट्याच्या भोकाला ओठ लावून दोरा ओढून घ्यायचा, ही तिथली रीत. दिवसभर एक धोटा किती जणांच्या तोंडाला लागतो याचा हिशोब कोणी ठेवत नाही. आणि बिघडलेला लूम दुरुस्त झाला की पहिला दोरा जॉबरने ओढायचा, हा तुमचा मान. त्या दिवशी तुम्ही धोटा उचललात आणि एका कारीगराने तुमच्या हातातून तो हळूच काढून घेतला. "उस्ताद, बुरा मत मानना, मेरे छोटे बच्चे हैं." त्याने तुमच्या हातात एक वाकडी तार ठेवली, दोरा ओढायला. दुसरा हसून म्हणाला, "अब उस्ताद साहब लोग हो गए, औज़ार से काम करेंगे." तुम्हीही हसलात. दोरे कापायचं अर्धं ब्लेड मात्र हातोहात फिरतच राहिलं, कोणाचं बोट कापलं तरी पुसून पुढे. आणि घरी मी, जिने ताटावर फुली मारली होती, तुमच्याच दाढीच्या ब्लेडने पेन्सिलीला टोक करून जर्नलमधल्या आकृत्या काढत होते.

शेठने तुम्हाला कामावरून काढलं नाही, हे त्यांचं मोठेपण. त्यांचा मेहुणा बोटीवर होता. त्याने हाँगकाँगच्या बंदरात एका चिनी वैद्याला तुमचं दुखणं सांगितलं आणि कागदी पुड्यांची पेटी भरून आणली. वाळलेली मुळं, साली, कसली तरी काळी बोरं, आणि तळाशी इंग्रजीत छापलेला जाहिरातीचा कागद. शेठ स्वतः घरी घेऊन आले. "जॉबर, पिऊन तर बघ. चीनचे हकीम जीभ बघून आजार ओळखतात." तुम्ही म्हणालात, "शेठ, माजी जीब कवा टपालानं पाठवली व्हती?" पण तुम्ही पुड्या ठेवून घेतल्या. रोग ऑस्ट्रेलियाचा, औषध चीनचं, असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात. रोज सकाळी आई मातीच्या मडक्यात तीन वाट्या पाण्याची एक वाटी होईपर्यंत काढा उकळायची. घरभर ओल्या मातीचा आणि जळक्या लाकडाचा वास भरून राहायचा. मला तो अजून येतो, बाबा. नातीला लस द्यायला दवाखान्यात गेले होते, तिथे काही कारण नसताना आला. तिथली नर्स एका पोरसवदा बाईला समजावत होती, नवऱ्याला बी कावीळ आहे म्हणून त्याचं ताट वेगळं ठेवू नका, एकत्र जेवल्याने ती लागत नाही, तुम्ही तुमची लस घ्या. मला हे कळून कितीतरी वर्षं झाली आहेत. आईचं रक्त तुम्ही गेल्यावर तपासलं, त्यात काही नव्हतं. तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं. तरी त्या बाकावर बसून मी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं.

काढ्याने तुम्हाला बरं वाटलं नाही. पोट फुगत गेलं, दोन वर्षांनी तुम्ही गेलात. त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. मला लिहायचं आहे ते त्या पेटीतल्या इंग्रजी कागदाबद्दल. काढा घेऊन तीन महिने होत आले होते. तुम्ही ओटीवर बसला होतात, मी उंबऱ्याच्या आत. तुम्ही तो कागद माझ्याकडे सरकवलात. "बरा व्हईन का, ते नको वाचू. लागायचं कवा थांबतं, तेवढं हाय का बघ." त्यात ते होतं. तीन महिन्यांच्या काढ्यानंतर रुग्णापासून घरातल्या माणसांना लागण होत नाही, असं ठळक अक्षरांत छापलं होतं. मी ती ओळ वाचली, आणि तुम्हाला म्हटलं, "तसं काही दिलेलं नाही." तुम्ही "बरं" म्हणालात आणि कागद परत घडी करून ठेवलात. तो कागद खोटा होता, कसल्याही काढ्याने तसं होत नाही. पण तो वाचला असता तर तुम्ही आत येऊन जेवला असता, आणि कोणालाही काही झालं नसतं. मला खरी वाटणारी माझी माहिती त्या खोट्या कागदाहून जास्त चुकीची होती.

हे पत्र मी आईच्या हयातीत लिहिलं असतं तर निदान तिला वाचून दाखवता आलं असतं. आता ते माझ्याच कपाटात राहील. जाहिरातीवर विश्वास नव्हता म्हणून ती ओळ गाळली, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. वाचली असती तर तुम्ही उठून माझ्या शेजारी येऊन बसला असता, आणि बाबा, मला ते नको होतं.