‘सोड’ म्हणायचा हक्क

तीर्थरूप दादास,
धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? की गुडघ्याचं निमित्त करून वहिनीला अजून जिन्यावरून वर-खाली पळवतोस? मी ठणठणीत आहे, निदान शरीराने. डोकं मात्र गेले तीन आठवडे ठिकाणावर नाही, आणि त्याला पहिला जबाबदार तू आहेस, कारण बावीस वर्षांपूर्वी मला स्कीटच्या मैदानावर घेऊन जाणारा तूच. बाकीचे जबाबदार पुढे क्रमाने येतील.

हा छंद किती साधा आहे हे तुला सांगायला नको, पण माझा राग तेवढ्याने थोडा निवतो म्हणून सांगते. दोन मनोऱ्यांतून मातीच्या तबकड्या सुटतात, आपण अर्धवर्तुळात एकेका जागी उभं राहून त्या उडतानाच बंदुकीने फोडायच्या. पंचवीस तबकड्यांचा एक डाव. तबकडी हवी झाली की तोंडाने पुकारायचं, शब्द ज्याचा त्याचा. दातांची डॉक्टरीण ‘हुप्प’ म्हणते (दवाखान्यात म्हणता येत नसावं, म्हणून इथे हौस भागवते). मी पहिल्या दिवसापासून ‘सोड’ म्हणते. तूच शिकवलास.

आता पंचाईत अशी की हाच शब्द घरात हे मला दिवसातून दहा वेळा ऐकवतात. बँकेच्या खिडकीवर मी दोन शब्द बोलले, सोड. शेजाऱ्यांनी जिन्यात सायकल लावली, सोड. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला हा माणूस. ऱ्हस्व-दीर्घ सोडून जगात कशावरही भांडू नये असं त्यांचं ठाम मत आहे. तरी बावीस वर्षं दर रविवारी ते माझ्याबरोबर यायचे, माझ्या मागच्या बाकावर कानाला बाराचा आवाज अडवणारे ते मोठे डबे लावून बसायचे आणि कुणाचं तरी पुस्तक तपासायचे. पूर्वी त्याने काही बिघडत नव्हतं. बटण दाबून तबकडी सोडायला बटणकाका होते, आणि माझं ‘सोड’ कोणतं, ह्यांचं ‘सोड’ कोणतं हे त्यांना झोपेतसुद्धा कळलं असतं. बटणकाका निवृत्त झाले. समितीने त्यांच्या जागी आवाज आला की आपोआप तबकडी सोडणारा मायक्रोफोन बसवला. त्याला आवाज कळतो, माणूस कळत नाही.

तर निवडीचा दिवस. ज्येष्ठांच्या संघात एकच जागा उरलेली, आणि ती एक तर मला मिळणार नाही तर दातवालीला. तिच्या बावीस फुटल्या होत्या. माझ्या चोवीसपैकी बावीस, एक बाकी. खरं म्हणजे तेवीस. सहाव्या जागेवरच्या तबकडीचा कपचा उडालेला मी या डोळ्यांनी पाहिला. पंचांचं म्हणणं, कपचा नाही, नुसती धूळ. धुळीला गुण नाही. (हे पंच हवामान कसंही असो, काखेत छत्री घेऊन फिरतात. अशा माणसाला धूळ आणि कपचा यांतला भेद काय कळणार?) मी जे बोलायचं ते बोलले. मग शेवटच्या जागेवर जाऊन उभी राहिले, बंदूक कमरेशी घेतली, पंचांनी मायक्रोफोन चालू केला. मी गप्प होते, दादा. शपथेवर सांगते, चकार शब्द काढला नव्हता. पण म्हणे माझ्या मानेवरून ह्यांना कळलं की मी आतल्या आत अजून कपच्यावरच भांडतेय. म्हणून डबे काढून, अगदी हळू, अगदी मायेने हे म्हणाले, “सोड ना आता.”

तबकडी सुटली.

तिच्याकडे मी नुसतं पाहत राहिले असते तर ती मोजलीच नसती, पंचांनी दुसरी दिली असती. पण बावीस वर्षांची सवय, हात थांबतोय कशाला? मी बार काढला. चुकला. नियम असा की बार काढला म्हणजे तबकडी स्वीकारली. म्हणजे शब्द नवऱ्याचा आणि चूक माझ्या नावावर. बरोबरी झाली, आणि आदल्या वर्षीचे गुण जास्त म्हणून जागा दातवालीला.

मी रीतसर लेखी हरकत घेतली. कच्चा खर्डा ह्यांच्याकडेच तपासायला द्यावा लागला, घरात दुसरं कोण आहे? मी संयम ठेवून ‘एका बेजबाबदार प्रेक्षकाच्या उद्गारामुळे’ असं लिहिलं होतं. ह्यांनी ‘प्रेक्षकाच्या’ खोडून ‘पतीच्या’ केलं, संदिग्धता नको म्हणून, दोन वेलांट्या सुधारल्या आणि खाली साक्षीदार म्हणून सही केली. त्या दिवसापासून मैदानावर यायचं बंद. मी विचारलं तर म्हणतात, माझ्या तोंडाचा भरवसा नाही. बरंच झालं. बाक मोकळा असतो, मला पिशवी ठेवता येते. सराव उत्तम चालला आहे.

तू समितीचा जुना सभासद. माझ्या बाजूने त्यांना एक खरमरीत पत्र लिही. छत्रीचा उल्लेख हवाच.

तुझी,
धाकटी

ता. क. आत्ताच समितीचा निरोप आला. हरकत मान्य झाली. येत्या रविवारी मी आणि दातवाली, पुन्हा पंचवीस-पंचवीस. तेव्हा खरमरीत पत्र नको. एवढं लिहून झालं आहे म्हणून पाठवते.

आ. ता. क. सराव उत्तम चाललेला नाही. परवा पंचवीसपैकी चौदा फुटल्या. दातवालीने पाहिलं आणि मला पाणी आणून दिलं, यावरून समज. मागे पान उलटल्याचा आवाज येत नाही आणि मला बंदूक कमरेशी धरवत नाही. मी स्वतः ह्यांना ये म्हणणार नाही, कारण तीन आठवडे मीच त्यांना बेजबाबदार म्हणते आहे. तू शनिवारी ये आणि सहज आल्यासारखं दाखवून रविवारी त्यांना घेऊन चल. वाटेल ते बोलू देत, तबकडी गेली तर गेली. मी सांगितलं म्हणून कळू देऊ नकोस. पाकीट घट्ट चिकटवते, कारण टाकायला तेच नेणार आहेत.

(वेगळ्या अक्षरात)

ती. दादा, सा. न. पाकिटावर ‘श्रीयुत’मधला ‘यु’ दीर्घ काढला होता. तसं पाकीट पोस्टात टाकणं माझ्याने झालं नाही. नवं केलं, आणि जुन्यातून नव्यात घालताना मजकूर नजरेखालून गेला. पत्रात अशुद्धं अकरा आहेत. हात लावलेला नाही. आपण शनिवारी जरूर यावं आणि मला बराच आग्रह करावा. मी दोनदा नाही म्हणेन.