माह्ये कान वापर

बाबा, काल तुमच्या नातीला घेऊन नागपूरला जाऊन आले. तुम्ही तिला पाहिलं नाही. ती आता अकरावीत आहे. वर्गात कुणी हसलं की आपल्यावरच हसलं, मोबाईलवर एखादं गाणं लागलं की आपल्यालाच काही सांगायला लागलं, असं तिला वाटू लागलं होतं. "मले समजते का तसं नाही. पन वाटून राह्यते, आई," ती म्हणाली, आणि मला आपलं वरठीचं घर आठवलं.

तेव्हा मी तिच्याच वयाची. तुम्ही पोलाद कारखान्यात फिटर, आणि आपण स्टेशनजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. फलाटावरची घोषणा स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायची. मला वाटायचं, ती घोषणा करणारी बाई गाड्यांच्या नावांमध्ये माझ्यासाठी निरोप दडवते, घराबाहेर पडू नको असा. मी शाळेत जाणं बंद केलं. आई हादरून गेली, कारण धाकट्या काकाचं असंच सुरू झालं होतं आणि पुढे तो घरच्यांनाही ओळखेनासा झाला. आत्या म्हणाली, "बाबाजीकडं नेऊ, झाडून देतेत." तुम्ही नुकतेच पाळीवरून आला होतात, हाताला ग्रीस तसंच. "माह्या भावाले झाडूनझाडूनच त्यायनं अर्धा केला. पोरगी कोठी जाणार नाही." आत्यावर तुमचा आवाज चढलेला मी तेवढाच ऐकला. मग हात धुऊन तुम्ही माझ्यापाशी लसूण सोलत बसलात आणि काहून, कायले असं काही न विचारता म्हणालात, "चाल, आपन दोघंबी ऐकून येऊ."

फलाटावरच्या बाकावर आपण बसलो आहोत. घोषणा होते. "तुले काय ऐकू आलं?" तुम्ही विचारता. मी सांगते. तुम्ही हसत नाही, खोटंही म्हणत नाही. "मले गोंदियाची गाडी लेट आहे एवढंच आलं," तुम्ही म्हणता. मग म्हणता, "तुहे कान सध्या थकले आहेत, बेटा. तोवर माह्ये कान वापर." दुसऱ्या दिवशी रजा टाकून तुम्ही मला भंडाऱ्याला डॉक्टरांकडे नेलंत. त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, पुन्हा पुन्हा बोलावलं. शाळा सुरू झाली. तसं अजूनही कधी वाटतं, वाटून जातं. त्या वाटण्यासकट मी पवनीच्या शाळेत मुलांना शिकवते, आणि बरं शिकवते.

काल नागपूरच्या डॉक्टरीणबाईंना मी काकाचं, माझं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, असं वाटणं हा काही लोकांचा स्वभावच असतो. अशा पुष्कळ जणांच्या मेंदूचे फोटो एकत्र पाहिले तर घडणीत बारीक फरक दिसतात. पण एकाच माणसाचा फोटो पाहून तो पुढे आजारी पडेल की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. बहुतेकांना काकासारखा आजार कधीच होत नाही. घरात कुणाला होता म्हणून जरा लक्ष ठेवायचं, झोप सांभाळायची, आणि जे नुसतं वाटतं ते खरंच आहे असं वाटायला लागलं तर लगेच यायचं. "म्हंजे मी येडी नाही ना?" पोरीनं विचारलं. "नाही. आणि हा शब्द आपण इथे वापरत नाही," बाई म्हणाल्या. बाहेर आल्यावर तिनं दोन समोसे खाल्ले आणि परतीच्या बसमध्ये माझ्या खांद्यावर गाढ झोपली. भिवापूर गेलं तरी मी हलले नाही. इतकं हलकं मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, कपाटातच राहील. एक मात्र डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही. नको तिथे नको ते ऐकू येणारी मी; पण तुम्ही गेल्यापासून तुमचा आवाज एकदाही आला नाही. यावा, असं मला पुष्कळदा वाटलं आहे.